दहा किलोचा फरक

ताकसांडे सरांची गाडी काट्यावर चढली की रांगेतले ट्रकवाले खाली उतरून बघायला यायचे. हिंगणघाटला हायवेच्या कडेला आमचा वजनकाटा आहे. वडिलांनी घातलेला, आता मी चालवते. कापसाच्या हंगामात ट्रक, ट्रॅक्टर, गाठी भरलेली लांबलचक वाहनं अशी दिवसभर रांग असते. त्या रांगेत एक जुनी पांढरी जीप, आणि जीपच्या मागे हुकाला अडकवलेली पत्र्याची दोन चाकांची खोली. खोलीला दार, दाराला कडी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा.

“हे काय व्हय सर? कुल्फीची गाडी?” एखादा ड्रायव्हर विचारायचा.

“घर हाये,” सर सांगायचे. “सहाशे सदतीस किलोच्या आत बसवाचं हाये.”

“सदतीस? चाळीस धरा ना.”

“तुमी धरा,” सर म्हणायचे. “मी नाई धरत.”

सरांनी मला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. वर्गात ते प्रमाण मराठीत बोलत आणि वर्गाबाहेर पाय टाकला की आमच्यासारखे वऱ्हाडीत. उंच, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पट्टी. पेन विसरले तरी चालेल, पण सहा इंची पट्टी खिशात हवी. ‘अंदाजे’ हा शब्द वर्गात कोणी उच्चारला की ते खडू खाली ठेवत आणि खिडकीबाहेर बघत उभे राहत. आपण काहीतरी ओंगळ बोललो असं त्या पोराला वाटेपर्यंत उभे राहत. मग म्हणत, “आकडा कोणाचा नातेवाईक नसतो. तो तुझ्यासाठी कमी होणार नाही, माझ्यासाठी वाढणार नाही.”

हा माणूस सायकलवरही हेल्मेट घालायचा. गाव हसायचं. एकदा कारंजा चौकात त्यांनी वरातीची ट्रॉली अडवली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पन्नासेक वऱ्हाडी उभे, बायका, लेकरं, वर बाजेवाले. सर सायकल आडवी घालून ड्रायव्हरला म्हणाले, “अर्धे उतरव. हा कापूस नाई, माणसं हायेत. कापूस कलंडला तर भरता येते.” नवरदेवाचा मामा उतरून अंगावर आला. सरांनी पट्टी काढली आणि रस्त्यावर बसून धुळीत ट्रॉलीची उंची आणि चाकांमधलं अंतर काढून दाखवायला लागले. वऱ्हाडी त्यांच्या बाजूनं ट्रॉली काढून पुढे निघून गेले. सर आकडेमोड पूर्ण करून मगच उठले. त्या दिवशी काही झालं नाही, ट्रॉली लग्नाला नीट पोचली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना तसं सांगितलंही. सर म्हणाले, “कालचं उत्तर चुकलं नाई. फक्त काल पेपर तपासला नाई गेला.”

त्यांच्या पत्नी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नाव प्रमिला, माहेर आर्वीकडचं रोहणा, पण सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं आणि सरही सिस्टरच म्हणायचे. तरुणपणी सायकलवरून पडून सर दवाखान्यात गेलेले, कपाळाला पाच टाके पडले. टाके घालणाऱ्या नर्सला त्यांनी दोन टाक्यांमधलं अंतर सारखं नसल्याचं सांगितलं म्हणे. नर्सनं उत्तर दिलं, “डोकं सरळ नाई, तं टाके सरळ कसे येतीन?” त्याच वर्षी लग्न झालं. पण ‘सिस्टर, तुम्ही’ सुटलं नाही. तेहतीस वर्षं एकाच घरात दोघं एकमेकांना अहो-जाहो करत राहिली.

सिस्टर सरांच्या अगदी उलट. सलाईनची बाटली हातात घेऊन किती उरलंय ते डोळ्यांनी सांगायच्या, भाजीत मीठ मुठीनं टाकायच्या. नोकरीभर रात्रपाळ्या केल्या, सुट्ट्या साठवल्या, आणि निवृत्त झाल्यावर चिखलदऱ्याला जायचं, थंडीत दोन दिवस नुसतं पडून राहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. लग्नानंतर लगेच जाणार होत्या, तेव्हा दवाखान्यात हगवणीची साथ आली. नंतर मुलगी झाली, मग सासू अंथरुणाला खिळली. असं करता करता निवृत्ती आली, आणि निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला.

कप पुन्हा पडला, मग चप्पल पायातून सुटायला लागली. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. ज्या दिवशी निकाल कळायचा होता, त्या दिवशीची गोष्ट सिस्टरनी मला स्वतः सांगितली आहे. डॉक्टर चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची, सर आणि आधीचे सहा-सात जण. आत पाटी होती, इतकी माणसं, इतके किलो. सरांनी पाटी वाचली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “एकजण जास्त हाये.” कोणी हललं नाही. तेव्हा सर स्वतः उतरले आणि जिन्यानं निघाले. गुडघे दुखत होते त्यांचे, वेळ लागला. ते धापा टाकत वर पोचेपर्यंत डॉक्टरांनी सिस्टरना सगळं सांगून टाकलं होतं. स्नायू वाळत जाणारा आजार. हात, पाय, मग मान, मग गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही.

“काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“कमजोरी हाये म्हणाले. हळूहळू वाढते म्हणाले,” सिस्टर म्हणाल्या.

“किती हळू?”

“ते त्यायलेही माहीत नाई.”

सरांना पुढे कागद वाचून सगळं कळलंच. पण त्या दिवशीचा जिना त्यांना फार लागला असावा. “मी उतरलो नसतो तं चाललं असतं काय व, कल्पना?” असं त्यांनी मला एकदा काट्याच्या केबिनमध्ये बसून विचारलं होतं. मी म्हटलं, “तुमचंच बरोबर होतं सर.” ते म्हणाले, “ते तं हाये.”

चिखलदऱ्याला लॉजवर राहणं आता शक्य नव्हतं. कमोडची खुर्ची, मागून उचलता येणारी खाट, छातीतला कफ ओढायचं मशीन, श्वासाचं मशीन, ऑक्सिजन. कुठल्या लॉजच्या दारातून हे सगळं आत जाणार? म्हणून सरांनी ठरवलं, खोलीच बरोबर न्यायची. मोबाईलवर परदेशातल्या लोकांच्या अशा गाड्या पाहिल्या आणि नाचणगावच्या रहीम मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं आयुष्यभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधलेल्या. तो म्हणाला, “सर, ऐसी मजबूत बना देता की हत्ती बसला तरी कायी होनार नाई.”

“हत्ती नाई बसणार,” सर म्हणाले. “पत्रा पातळ लाव.”

जीपच्या पुस्तकात लिहिलं होतं, मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक नसतील तर साडेसातशे किलोच्या वर ओढू नये. सरांनी त्यातून घाटासाठी पंधरा टक्के कापले. उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलतं, म्हणून. उरले सहाशे सदतीस आणि अर्धा. अर्धा त्यांनी सोडून दिला. मिस्त्रीनं सांगितलं होतं, रिकामी गाडी चारशे भरेल. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा काट्यावर आली तेव्हा आकडा आला चारशे सत्तर.

सर कितीतरी वेळ त्या लाल आकड्याकडे बघत उभे राहिले. मागे कापसाच्या ट्रकनं हॉर्न वाजवला.

“एकशे सदुसष्ट उरले,” ते म्हणाले. “पण तुझा काटा दहाच्या खाली बोलतच नाई. म्हणजे एकशे साठच.”

त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी दुपारी, रांग कमी असताना, ती वरात काट्यावर यायची. सर घरातली एकेक वस्तू तागडीवर वजन करून कागदावर लिहून आणत आणि इथं येऊन बेरीज पडताळून पाहत. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, तेवीसवर आणलं. स्वयंपाकाचं सिलिंडर लहान केलं. स्वतःची गादी काढून टाकली, चटई घेतली. दाराची लोखंडी कडी काढून नाड्या लावल्या. सामान कुठं ठेवायचं यावरही त्यांचा जीव जायचा. जड सगळं चाकांच्या वर आणि खाली, थोडं पुढे. फार मागे गेलं तर गाडी शेपटीसारखी हलते, फार पुढे गेलं तर जीपची मागची चाकं दबतात.

खरी अडचण त्या मागच्या चाकांची होती. हुकावरचा भार तिथंच येणार, सिस्टर मागच्या सीटवर आडव्या, त्यांचाही भार तिथंच, आणि त्यांच्या पायाशी ऑक्सिजनचं सिलिंडर. सरांना दोन सिलिंडर न्यायची होती. बेरीज एकाच्या वर जाऊ देत नव्हती. म्हणून सिस्टरचं वजन नेमकं हवं होतं.

केबिनच्या दाराशी आमचा एक छोटा काटा आहे, पोती मोजायचा. सर आणि मी चाकाची खुर्ची त्यावर चढवायचो. आकडा आतल्या बाजूला, माझ्या टेबलाकडे दिसतो. मी वाचायचे, खुर्चीचं वजन वजा करायचे, सर लिहून घ्यायचे. पहिल्या वेळी सत्तावन्न भरले.

“लग्नात चव्वेचाळीस होत्या,” सर म्हणाले.

“तुमच्या घरी आल्यावरच वाढली,” सिस्टर म्हणाल्या. तेव्हा त्यांचं बोलणं थोडं जड झालेलं, पण समजायचं.

दुसऱ्या खेपेला सर टायरमधली हवा बघायला बाहेर गेले, तेव्हा सिस्टरनी मला जवळ बोलावलं. त्यांची बोटं वळून गेली होती. मनगटानंच माझा हात दाबला.

“कल्पना, थोडं जास्त सांगजो.”

“म्हणजे?”

“मी नर्स हाये व. वजन उतरलं ते घरी कपड्यावरून समजते मले. सर आकडा ऐकतीन तं रात्रभर जागतीन.”

“पण सिस्टर, त्यांचं सगळं गणित…”

“जास्त सांगितल्यानं अपघात नाई होत. कमी सांगितल्यानं होते. तुमच्या सरायनंच शिकवलं ना तुमाले?”

मी काटेवाली बाई. वडिलांनी गल्ल्यावर बसवताना एकच गोष्ट सांगितली होती, काट्यावर खोटं बोलायचं नाही, शेतकऱ्याशी नाही आणि कापूस घेणाऱ्या जिनिंगवाल्याशी नाही. सर आत आले. आकडा होता त्रेपन्न. मी म्हटलं, “छप्पन्न, सर.”

“एकच किलो गेला,” सर म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं आणि त्या दिवशी आम्हा तिघांसाठी चहा सांगितला. सिस्टरना चमच्यानं पाजला. चहा हनुवटीवरून ओघळला तो पुसताना ते त्यांना सांगत होते, “प्रोटीनची पावडर लागू पडून राह्यली, सिस्टर.”

जानेवारीत ते पुन्हा आले. आता खुर्ची चढवताना मला जोर लावावाच लागला नाही. आकड्यातून खुर्ची वजा केली आणि खात्रीसाठी तीच वजाबाकी पुन्हा केली. सेहेचाळीस. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मान एका बाजूला कललेली, डोळे मात्र सरळ.

“छप्पन्न,” मी म्हटलं.

सरांनी लिहिलं. बेरीज केली. कागदावर बोट ठेवून म्हणाले, “नाई बसत. दुसरं सिलिंडर नाई नेता येत. एकावरच जा लागते.”

लहान सिलिंडर पंधरा किलोचं. सरांच्या हिशेबात पाच-सहा किलोंची जागा शिल्लक होती, आणि दहा किलो माझ्या तोंडात होते. जागा होती. ती मला दिसत होती, सिस्टरनाही दिसायला हवी होती, पण सिस्टरनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. घाटात एक सिलिंडर संपलं तर? मी बोलले असते तर सिस्टरशी बेइमानी, नाही बोलले तर दोघांशी. मी टेबलावरचा स्टेपलर उचलून पुन्हा खाली ठेवला. तेवढंच मला करता आलं.

सरांनी मग जीपची फक्त मागची चाकं मोठ्या काट्यावर घेतली. मागे गाडी जोडलेली, सिस्टर आडव्या, एक सिलिंडर. दरवेळचा शेवटचा पडताळा हा. आकडा आला तो त्यांच्या कागदापेक्षा दहानं कमी होता.

“पुन्हा शून्य कर,” सर म्हणाले.

मी केलं. पुन्हा दहा कमी.

“काटा चुकतो तुझा.”

मी शून्याचं बटण आणखी एकदा दाबलं.

“तपासायची वजनं हायेत ना?”

वीस-वीस किलोची शिक्क्याची लोखंडी वजनं आमच्याकडे असतात, सरकारी तपासणीला लागतात. सरांनी जीप खाली घेतली. सिस्टर आतच होत्या, काच थोडी उघडी. सरांनी स्वतः एकेक वजन उचलून मोठ्या काट्यावर नेऊन ठेवायला सुरुवात केली. अडुसष्ट वर्षांचा माणूस. मी म्हटलं, “सर, मी मदत करते.” त्यांनी हातानं थांबवलं. एक, दोन, तीन. प्रत्येक वजन ठेवलं की वर आकड्याकडे बघायचे. शंभर ठेवले, शंभर आले. दोनशे ठेवले, दोनशे आले. काटा बरोबर होता.

मग ते केबिनच्या दाराशी आले आणि छोट्या काट्यावर वजन ठेवलं. वीस. आणखी एक. चाळीस. या वेळी आकडा वाचायला त्यांनी मला सांगितलं नाही. स्वतः वाकून आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघितला. तिसरं वजन ठेवलं, बघितला. साठ. हा काटाही बरोबर होता.

आता चुकणारं एकच उरलं होतं. मला वाटलं, ते मला बोलतील. बोलायलाच हवं होतं. मी उभी राहिले, “सर…” एवढंच म्हटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या हाताला लोखंडाचा गंज लागला होता, तो ते रुमालानं एकेका बोटाचा पुसत होते. पुसून झाल्यावर पुन्हा पहिल्या बोटापासून पुसायला लागले.

मग दारात जाऊन ते मोठ्यानं म्हणाले, जीपमध्ये ऐकू जाईल असं, “काटाच चुकत होता हो सिस्टर! दहा किलो जास्त दाखवून राह्यला होता. जागा निघाली. दुसरं सिलिंडर बसते!”

जीपमधून सिस्टरचा आवाज आला. शब्द समजले नाहीत, पण त्या हसल्यासारखं वाटलं.

सरांना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते किती वाईट बोलले! आवाज नको तेवढा वर गेला होता, आणि ‘बसते’ म्हणताना फाटला होता. सिस्टरना कळलंच असणार. पण त्यांनी ते घेतलं, जसं सरांनी त्यांचं घेतलं होतं. त्यानंतर दोघांपैकी कोणीही तो विषय काढल्याचं मला माहीत नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती दोघं गेली. मुलगी हैदराबादला, तिला कळवलंच नाही, ती जाऊ देणार नाही म्हणून. सकाळी शेवटचं वजन केलं. मागची गाडी सहाशे तीस, कागदातल्यासारखी. मी सिस्टरच्या उशाशी संत्री ठेवली, तर सरांनी त्यातली दोन परत दिली.

पाचव्या दिवशी दुपारी ते परतले. मी धावत गेले. “झाला चिखलदरा?”

सिस्टर झोपल्या होत्या. सर खाली उतरले, केबिनमध्ये येऊन बसले आणि पाणी मागितलं.

“परतवाड्यापर्यंत काही त्रास नाई झाला,” ते म्हणाले. “गाडी एकदम सरळ. ब्रेकही बरोबर. घाट सुरू झाला. पयलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. मागचं सामान जागचं हललं नाई, सगळं दोरीनं बांधलं होतं. मंग आरशात पाह्यलं.”

त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला.

“वळण आलं की त्यायची मान जाये व. इकडून तिकडे. पट्टा होता, उशा होत्या, तरी जाये. त्यायच्यात ती धरून ठेवाची ताकदच नाई. मी सगळं मोजलं. मान कशी बांधू? ते मी मोजलंच नोतं.”

तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली. सिस्टरनी विचारलं, गणित चुकलं काय? सर म्हणाले, नाही. मग काय झालं? सर म्हणाले, “माह्याच्यानं होत नाई.” सिस्टर म्हणाल्या, मग खाली चला, डोंगर खालूनही दिसते.

गाडी जोडलेली, रस्ता अरुंद, उलट वळवता येईना. वरून येणारे दोन ट्रक थांबले. ड्रायव्हर, क्लीनर आणि सर मिळून पाच जणांनी मागची गाडी हुकातून काढली आणि हातानं ढकलून फिरवली. “वजन बरोबर होतं म्हणून फिरली,” सर म्हणाले. क्षणभर त्यांच्या आवाजात जुने सर आले आणि गेले.

घाटाच्या पायथ्याशी एका गावात, शाळेच्या मैदानाला लागून, ती दोघं तीन दिवस राहिली. दार उघडं ठेवलं की खाटेवरून डोंगर दिसायचा. थंडी होती. गावातल्या बायका ताक आणून द्यायच्या. दुसऱ्या संध्याकाळी सिलिंडरचा नळ गळायला लागला आणि ते रिकामं झालं. मग दुसरं लावलं.

“दुसरं लागलं,” सर म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

सिस्टर एप्रिलमध्ये गेल्या. घरीच, दुपारी. सगळं गाव आलं होतं. ज्यांच्या बाळंतपणात त्या उभ्या राहिल्या होत्या त्या बायका, त्यांची मोठी झालेली पोरं. मुलगी हैदराबादहून आली आणि महिनाभर थांबली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे श्रद्धांजलीला जमले तेव्हा, सरांनी बोलावं असं सगळ्यांनी सुचवलं. ते उभे राहिले, सगळ्यांना हात जोडले आणि खाली बसले.

त्यानंतर आठवड्यानं ते काट्यावर आले. सायकलनं, हेल्मेट घालून. मला वाटलं, गाडी विकायचं विचारतील. पण ते खुर्चीवर बसून राहिले. बाहेर एक ट्रक आला, मी त्याची पावती दिली, ट्रक गेला.

“तू खरं किती वाचलं होतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्रेपन्न आणि सेहेचाळीस. कधी ते पण सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही.

“मी त्यायले उचलत होतो रोज,” ते म्हणाले. “खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाटेवर. दिवसातून सहा डाव. हाताले समजत होतं मले. तरी तुझा आकडा आला की मी तोच धरो.” मग म्हणाले, “काऊन धरो?”

मी म्हटलं, “सर, माझी चूक झाली.”

“नाई व,” ते म्हणाले, “तुले कुठं येत होतं नाई म्हणता. मले कुठं आलं.” आणि उठून गेले.

जूनमध्ये मुलगी त्यांना न्यायला आली. घर भाड्यानं दिलं, जीप विकली. ती पत्र्याची खोली मिस्त्रीनं परत नेली. हायवेवर काट्यासमोर पेट्रोलपंप आहे, तिथं मुलीची कार थांबली होती. मी रस्ता ओलांडून गेले. सर मागच्या सीटवर, मांडीवर डब्याची पिशवी. इतकी वर्षं मी त्यांना कधी मागच्या सीटवर पाहिलं नव्हतं. त्यांना पट्टा सापडत नव्हता. हात मागे नेऊन ते चाचपडत होते, तो त्यांच्या कोपराखालीच होता. मुलीनं पुढून वळून, “बाबा, इकडं,” म्हणत तो ओढला आणि खटकन लावला. सरांनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर धरले होते.

मी काचेशी वाकले. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले. पण एसी सुरू होता, मुलीला काच खाली करायचं सुचलं नाही, आणि सरांना त्या गाडीचं बटण माहीत नव्हतं. ते दाराच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. मी बाहेरून खुणेनं दाखवलं, इथं, इथं. मागून कोणीतरी हॉर्न दिला. कार निघाली, वडनेरकडे, हैदराबादच्या रस्त्यानं, आणि त्यांची बोटं अजून बटण शोधत होती.